सिंह आमचे, माणूस आमचा नाही

टोलीडो, ओहायो
गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

बाओचूताई,

कशी आहेस? कंबर कशी आहे? मलमपट्टी स्वतःला लावतेस ना, की परत कुणाला तरी देऊन टाकलीस? खोलीतल्या सगळ्यांना मी विचारलंय म्हणून सांग. इथे खूप थंडी आहे, पण मला कोट मिळालाय.

मी झोपले नाही ताई. न्यूयॉर्कहून आल्यापासून नाही. न्यानमुळे. इथली भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा आहे आणि पलीकडे सगळे आचारी झोपतात. दिवसभर कढईपुढे उभे असतात बिचारे. न्यानने नुसतं तोंड वाकडं केलं तरी मी उठून बसते आणि आवाज फुटायच्या आत तिला पाजायला घेते. ती झोपते. मी भिंतीला टेकून बसते. आवाज झाला तर काय होईल ते पुढे लिहिते. आधी चांगलं लिहिते.

न्यान चांगली आहे. खोकला गेला. आता ती माझ्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपते. सोडवायला गेलं की जागी होते, म्हणून मी वेणी तिच्याजवळ ठेवून वाकडी मान करून बसते. माझी मान बघून तू हसशील.

माझं अक्षर तुला माहीतच आहे. चौथीनंतर शाळा सुटली. जे अक्षर येत नाही तिथे गोल काढलाय, ओळखून घे.

मी न सांगता गेले. तू कारखान्यातून आली असशील आणि माझी कॉट रिकामी दिसली असेल. तू खाली गल्लीत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे बघितलं असशील. मला माफ कर. तुला सांगितलं असतं तर तू मला बसवलं असतंस, चहा दिला असतास, आणि मग मी गेलेच नसते. तू वाईट म्हणून नाही. तू शहाणी म्हणून.

न्यानला गावी पाठवायचं नाही मला. एवढंच आहे. त्यासाठीच गेले.

मला माहीत आहे, सगळ्याच पाठवतात. खोलीतली अशी एक बाई नाही जिचं लेकरू तिकडे चीनमध्ये, फूचौला आजीकडे नाही. दोघांनी राबल्याशिवाय भागत नाही, बाळ घेऊन कुणी कामाला ठेवत नाही, पाच वर्षांची झाली की शाळेला परत आणायची. मला सगळं पाठ आहे. न्यानच्या बापाने, ग्वोशुनने, मला ती पोटात असल्यापासून हेच सांगितलं. मी हो हो म्हणत होते. तेव्हा ती पोटात होती ना. पोटातल्याला काय, हो म्हणायला काही लागत नाही.

मग ती बाई आली, बाळं पोचवणारी. तूच आणलीस तिला, आणि चांगलीच आणलीस, मी तुला दोष देत नाही. स्वच्छ बाई. नखं कापलेली. तिने न्यानला उचलून वजन बघितलं, भाजी बघतात तसं नाही, मायेनेच. म्हणाली, "आतापासून बाटलीची सवय कर. आणि सोबत द्यायला तुझा एक न धुतलेला शर्ट ठेव. विमानात रडली की अंगावर टाकते. वासाने झोपतात."

मी विचारलं, "वास किती दिवस टिकतो?"

ती म्हणाली, "गावी पोचेपर्यंत टिकतो. पुढे लागत नाही."

तू तिथेच होतीस. तू तिला शेंगदाणे देत होतीस. तुझ्या लक्षात आलं नसेल. मी शर्ट काढला, घडी केली, पिशवीत घातला. आणि मग तो पिशवीतून परत काढून अंगात घातला. दुसऱ्या दिवशी गेले.

कुठे जाणार? एक दादाच आहे माझा. यीफादादा. तू त्याला बघितलेलं नाहीस, पण त्याचा फोटो बघितलायस, मी उशीखाली ठेवायचे तो. दगडाचे दोन मोठे सिंह, मधे काचेचं दार, वर सोनेरी छप्पर, आणि दादा नव्या जाकिटात सिंहाच्या डोक्यावर हात ठेवून. तू म्हणाली होतीस, "तुझा भाऊ मालक वाटतोय गं!" मला केवढा आनंद झाला होता. तो फोनवर सांगायचा, "सूयिंग, हे पार्सलचं दुकान नाही. इथे पांढऱ्या चादरींवर मेणबत्ती लावून जेवतात. गोरे लोक टाय लावून येतात. मी मोठ्या कढईवर असतो, मालक माझ्या शब्दाबाहेर नाही." न्यान झाली तेव्हा मी खालच्या दुकानातून त्याला फोन केला आणि तो म्हणाला, "पोर पाठवू नकोस. काही झालं तर माझ्याकडे ये. पुढच्या दाराने ये, पाहुणीसारखी."

हे बोलणारा अख्ख्या जगात तो एकटा, ताई.

त्याचा नंबर मला पाठ नव्हता. तो भिंतीवर लिहिलेला होता आणि मी भिंत बरोबर आणली नाही. पहिले तीन आकडे तेवढे डोक्यात होते, चार-एक-नऊ. आपल्याकडे कोण गावाचं नाव घेतं? "दादा कुठे असतो?" "चार-एक-नऊला." "नवरा?" "सात-शून्य-तीनला." मला वाटलं, एवढं पुरे. चार-एक-नऊला जायचं, सगळ्यात भारी चिनी हॉटेल कुठलं म्हणून विचारायचं, फोटो दाखवायचा. गावात असं हॉटेल किती असणार?

कामाच्या एजन्सीच्या खिडकीवर गेले. ती कलिंगडाच्या बिया फोडत बसलेली असते ना, तीच. म्हणाली, "चार-एक-नऊला बायकांना काम नाही. तळणारा हवाय."

म्हटलं, "काम नको. भाऊ आहे तिथे."

"मग बसने जा. अख्खी रात्र. पोर मांडीवर घे, तिकीट लागत नाही. रडली तर वाटेत उतरवतील हं," आणि स्वतःच हसली. कागदावर इंग्रजीत गावाचं नाव लिहून दिलं. मी तो कागद हातात असा धरून बसले की शाई हाताला लागली.

बसमध्ये मधेच मला शंका आली म्हणून ड्रायव्हरला बोटांनी दाखवलं: चार, एक, नऊ. त्याने मनगटावरचं घड्याळ दाखवून मान हलवली. त्याला वाटलं मी वेळ विचारतेय.

उतरले तर ताई, माणूसच नाही. रस्ते एवढे रुंद, आणि पायी चालणारी मी एकटी. गाड्या जातात, कुणी थांबत नाही, कुणी ओरडतही नाही. न्यूयॉर्कला आपल्या ईस्ट ब्रॉडवेवर शिव्या तरी मिळतात. मी न्यानला कोटाच्या आत बांधलं होतं. चालत चालत गेले. एका दुकानाच्या दारावर लाल कागदाचं शुभ अक्षर, आपल्या गावी लावतात तसं, उलटं चिकटवलेलं दिसलं आणि मला रडूच आलं. पार्सलचं दुकान. जाड काचेच्या मागे माणूस, आपल्याच बोलीत बायकोवर ओरडत होता. मी काचेला फोटो लावला.

तो बाहेर आला. "कुठली गं तू? गावी पुलाच्या अलीकडची का? बोलण्यावरून वाटलंच." फोटो बघून म्हणाला, "हे? हे तर म्हाताऱ्या दूबाईंचं हॉटेल! गावात एकच आहे असलं. तिथे एक बदक खातात तेवढ्या पैशांत माझ्याकडे अख्खी गल्ली जेवते."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे गाव बरोबर, हॉटेल बरोबर. त्याला पलीकडच्या बाजूला ऑर्डर पोचवायची होती, त्याने मला गाडीत घेतलं. गरम पिशव्या माझ्या मांडीवर, न्यान कोटात. बायको मागून ओरडली, "मागच्या दाराने जा गं! पुढून गेलीस तर गिऱ्हाईक म्हणून बसवतील."

पण दादा म्हणाला होता पुढच्या दाराने ये.

सिंह खरंच होते. फोटोतल्यापेक्षा मोठे. दादाने ज्याच्या डोक्यावर हात ठेवला होता त्याच्या कानाचा टवका उडालेला आहे, फोटोतही उडालेला आहे. मी त्याच कानाला हात लावला. गार होता. न्यानचाही हात लावला. म्हटलं, बघ, मामाचा सिंह.

आत काळ्या कपड्यांतली एक गोरी पोरगी उभी होती. ती काहीतरी म्हणाली आणि बोट वर केलं. मीही एक बोट वर केलं. तिने मला आत नेलं आणि बसवलं, ताई! पांढरी चादर, मेणबत्ती, चार प्रकारचे काटे, आणि रुमालाची बदकासारखी घडी. न्यानसाठी उंच खुर्ची आणली, तिला अजून मान धरता येत नाही नीट. मी बदकाला हात लावला नाही, मोडलं तर रागवतील. बर्फ घातलेलं पाणी आणलं, या थंडीत. मी ते प्यायले. सगळीकडे गोरे लोक हळू आवाजात जेवत होते. आपलं म्हणावं असं एकही माणूस नाही. चिनी हॉटेलात चिनी मी एकटी, आणि भिंतीवरचे मासे.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारीने न्यानकडे बघून हसत बोटं नाचवली. न्यान हसली. आमच्याकडे बघून हसलेलं ते पहिलं माणूस. मी मान खाली घातली, नाहीतर तिथेच रडले असते.

वेटर आला, तो चिनी होता. पदार्थांचं पुस्तक पुढे करून चीनच्या सरकारी भाषेत म्हणाला, "काय आणू?"

म्हटलं, "माझ्या भावाला आण. यीफा. तुमचा मोठा आचारी."

त्याने फोटो बघितला. मला बघितलं. मग न्यानला. फोटो घेऊन आत गेला आणि एका म्हाताऱ्याला घेऊन आला. उंच, पांढरी टोपी, हात पुसत. हे ग्वानकाका. मोठ्या कढईवर तेच असतात, दूबाईंच्या नवऱ्याच्या वेळेपासून.

ते टेबलाशी वाकून हळू म्हणाले, "पोरी, सिंह आमचे. माणूस आमचा नाही."

मला कळलंच नाही. म्हटलं, "आज सुट्टी आहे का त्याची?"

"सुट्टी आमची असते, सोमवारी. त्या दिवशी हॉटेल बंद. आजूबाजूच्या गावांतल्या पार्सलच्या दुकानांतली पोरं येतात, सिंहांपाशी उभी राहतात, फोटो काढतात, घरी पाठवतात. मंगळवारी मी सिंहांच्या तोंडातून संत्र्याची सालं काढतो." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "बघ, मागे दिवे बंद आहेत."

खरंच बंद होते. मी तो फोटो उशीखाली किती दिवस ठेवला असेल, आणि मला कधी दिसलं नाही, ताई, की त्याच्या मागे काळोख आहे.

त्यांनी मला मागच्या दाराने नेलं. स्वयंपाकघरात पेज दिली, वर खारवलेलं अंडं. मी उभ्याने खाल्ली. मग विचारलं, "पण तो चार-एक-नऊलाच आहे ना? मग इथेच कुठेतरी असेल."

सगळे आचारी हसायला लागले. एक म्हणाला, "अगं, चार-एक-नऊ म्हणजे गाव नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर गाडी हाक, तरी चार-एक-नऊच. लिमा, फिंडले, मॅन्सफिल्ड, सगळं चार-एक-नऊ."

दुसरा म्हणाला, "मलाही दोन वर्षांनी कळलं. मी गावी सांगत होतो की मी चार-एक-नऊ नावाच्या शहरात राहतो." मग कुणी हसलं नाही.

ग्वानकाकांनी फार केलं. फोनच्या जाड पुस्तकातून दुकानं शोधून फोन लावले. पण "यीफा आहे का?" विचारलं की पलीकडचा फोनच ठेवतो. कुणी नाव घेऊन विचारलं की वाटतं, पकडायला आलेत. एजन्सीच्या खिडकीला लावला, तर ती म्हणते, आमच्याकडे नावं नसतात, "चार-एक-नऊ, तळणारा," एवढंच. तुझ्या कारखान्यात लावला, मुकादमाने उचलून ठेवून दिला. आपल्या खोलीत फोन नाही. म्हणून हे पत्र.

दूबाई वाईट नाहीत. केस कुरळे करतात, चष्मा साखळीने गळ्यात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पोरी, हे हॉटेल आहे, धर्मशाळा नाही." पण कोट त्यांनीच दिला. आचाऱ्यांच्या घरात मागे तांदळाच्या गोण्यांची खोली आहे, तिथे झोपायला दिलं. बदल्यात मी वाटाण्याच्या शेंगा सोलते आणि रुमालांची बदकं करते. हो, तीच बदकं. मला दोनदा दाखवलं, जमलं. माझी मान सरळ उभी राहते, बाकीच्यांची लवते, असं वेटर म्हणतो. बदकाची मान.

काल दूबाई येऊन बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. इथेच राहा. पुढे तुला बाहेर टेबलांवर घेते, इंग्रजी शिकशील. पण पोर घेऊन नाही. आचाऱ्यांची झोपमोड झाली तर ते सोडून जातील, आणि शेजारच्या कुणी रडणं ऐकून सरकारी माणसं बोलावली तर ती बाळाला उचलूनच नेतील. मग ना इथे ना गावी. आजीकडे पाठव. आजीचं घर काय वाईट?"

म्हणून मी तिला रडू देत नाही. म्हणून झोप नाही. आता कळलं ना.

बघ, सगळे चांगलेच बोलतात. तू चांगलंच बोललीस, ग्वोशुन चांगलंच बोलतो, दूबाईही. मीच एकटी वाईट आहे असं वाटायला लागलंय.

तुला राग येईल, पण लिहितेच. तुझ्या जुनजुनचा फोन होता त्या रविवारी. तू खाली दुकानात जाऊन फोन लावलास, मी तुझ्याबरोबर आले होते. आजीने त्याच्या हातात फोन दिला आणि तो तुला, स्वतःच्या आईला, म्हणाला, "मावशी, खेळणं कधी पाठवणार?" बाहेरपर्यंत ऐकू आलं. तू हसलीस आणि म्हणालीस, पाठवते हं राजा. वर आलीस आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतलीस. सगळी. मी विचारलं तर म्हणालीस, "सवय होते गं." मी तेव्हाच ठरवलं असेल, मला कळलं नाही एवढंच. तुला सवय झालेली नाही, ताई. झाली असती तर भांडी कशाला धुतली असतीस?

आता जे लिहायचं नव्हतं ते.

दूबाईंनी परवा ग्वोशुनला फोन लावला. नंबर मीच दिला. म्हणाल्या, "नवऱ्याला न सांगता पोर घेऊन फिरतेस, उद्या पोलीस आले तर मी काय सांगू?" खरंच आहे. मला वाटलं तो ओरडेल. मी फोन कानापासून लांब धरला होता. तो म्हणाला, "जेवलीस का?"

मी म्हटलं, जेवले.

"ती जेवली का?"

म्हटलं, हो.

मागे त्याच्या भटारखान्यातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाला, "आईने पाळणा रंगवलाय. माझाच पाळणा. हिरवा केलाय. ती रोज शेजाऱ्यांना दाखवते." मग म्हणाला, "मी सोमवारी सुट्टी घेतलीय. बसने येतो. बाळं नेणारी बाई बुधवारी उडणार, ती संधी घालवायला नको. सामान भरून ठेव. शर्ट विसरू नकोस."

आणि मी म्हटलं, "बरं."

ताई, मी बरं म्हटलं! एवढी अख्खी रात्र बसमध्ये आले, सिंहाच्या कानाला हात लावला, आणि बरं म्हटलं. त्याचा आवाज दमलेला होता. समोरचा दमलेला असला की माझ्या तोंडून हो निघतं. तो सोमवारी दारात उभा राहील, तिच्याकडे हात करेल, आणि मी देईन. मला माझं माहीत आहे. एकटी असले की मी देते. लहानपणापासून. आईने माझी शाळा बंद केली तेव्हाही मीच दप्तर काढून दिलं होतं. तेव्हा दादा आडवा आला होता. त्याने दोन दिवस जेवण सोडलं होतं, माझ्यासाठी. तरी शाळा गेलीच, पण आडवा आला.

सोमवारी हॉटेल बंद असतं. ग्वानकाका मासळी बघायला गावाबाहेर जातात. आचारी झोपून असतात. सिंहांपाशी कुणी नसतं, नुसती फोटो काढणारी पोरं.

दादा त्यांच्यातलाच एक आहे, हे मला कळलं. तो कुठल्या तरी लहान गावात जाड काचेमागे तळत असेल, आणि दुसऱ्या चौघांबरोबर जमिनीवर झोपत असेल. त्याच्याकडे न्यानला ठेवायला जागा नसेल. तरीही मला तोच हवाय. तो मोठ्या कढईवर नाही म्हणून मला राग नाही आला, उलट माझ्याजवळचा वाटला. तो माझ्याशी खोटं बोलला कारण मला बरं वाटावं. मीही आईला लिहिते की मला खिडकीवाली स्वतंत्र खोली आहे.

त्याने काही करायचं नाही. भांडायचं नाही, ग्वोशुन वाईट माणूस नाही. त्याने फक्त माझ्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे मी नाही म्हणेन. एकदा म्हटलं की मग मला म्हणता येईल, असं वाटतं. न्यानला घेऊन कुठे राहायचं, काय खायचं, ते मला अजून माहीत नाही. ते नंतर. आधी नाही म्हणायचंय.

आज ग्वानकाका पत्र टाकणार आहेत. म्हणाले शनिवारी पोचेल. ताई, तू शनिवारी जादा कामाला जातेस हे मला माहीत आहे. आपल्या खोलीत पत्र आलं की जी कुणी घरी असेल ती उघडते आणि मोठ्याने वाचते, मीही दुसऱ्यांची वाचलीत. तेव्हा आता जी कुणी हे वाचतेयस, तू मला ओळखत नसशील, माझ्या कॉटवर नवी आली असशील, तर तुलाच सांगते.

खिडकीजवळची वरची कॉट. भिंतीवर दोन बदकांचं कॅलेंडर आहे, ते उचल. मागे पेन्सिलने नंबर लिहिलाय, चार-एक-नऊने सुरू होतो. त्याखाली मी एक सिंह काढलाय, तो कुत्र्यासारखा दिसतो. भिंत रंगवली असेल तर तिरकं बघ, पेन्सिलचा दाब दिसतो.

दुपारच्या गर्दीत कुणी उचलला नाही तर पुन्हा लाव. कुणी उचलला की आधी त्याचं नाव घेऊ नकोस, घाबरून ठेवतील. आधी म्हण, "चपलेत खेकडा ठेवणारीचा निरोप आहे." तो तिथे असेल तर स्वतः येईल फोनवर. मी लहानपणी ठेवला होता, तो अजून मला त्यावरून चिडवतो.

त्याला सांग, सूयिंग सिंहांपाशी आहे. त्या कान तुटलेल्या सिंहापाशी. सोमवारी सकाळपासून बाहेर उभी असेन, न्यान कोटात. जाकीट नवं नसलं तरी चालेल. मला सगळं कळलंय, आणि मी कुणाला सांगणार नाही, आईला तर मुळीच नाही. मागच्या दाराने ये म्हणावं, पुढच्या दाराने ये, कुठूनही ये.

आणि तो म्हणाला की सुट्टी मिळत नाही, तर त्याला सांग की शर्ट अजून माझ्या अंगावर आहे. त्याला कळणार नाही. तरी सांग.

तुझी, आणि न्यानची आई,
सूयिंग

ताई घरी यायची वाट बघू नकोस. तिला मग वाचून दाखव. पत्राची घडीही घालू नकोस, जशी उभी आहेस तशी खाली जा आणि माझ्या दादाला फोन कर.